माहिती अपुरी

कपाट एकतीस तारखेपर्यंत रिकामं करायचंय.
कूलरची खस वाळलीय, मोटार नुसतीच घुमते,
खिडकीबाहेर अमरावती रोड मे महिन्यात वितळतोय
आणि मी एकेक बरणी काढतेय.
चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या,
कारण शाई फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही.
पेन्सिल टिकते. एवढं एक मला
पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि ते खरं निघालं.

कन्हान, माथनीचा पूल, नोव्हेंबर एकोणनव्वद.
बोटाएवढा मासा, शेपटीशी एक काळा ठिपका,
मोजून झाल्यावर कुणी खूण करावी तसा.
बरणीत तो आता खडूसारखा पांढरा.
ठिपका आहे, असं मला वाटतं.
दिसतोय की आठवतोय,
हे आता सांगता येत नाही.

बकाराम मारबते जाळं टाकायचा, वही मी धरायची.
डाडक, बोटरी, मरळ, भुरभुसा,
तो बोलायचा, मी लॅटिनमध्ये उतरवायची.
या ठिपकेवाल्याला तो म्हणायचा टिकली.
"काहून मोजता जी मॅडम? मासा का पैसा आहे?"
मी हसायची. पाटीभर टिकल्या निघायच्या तेव्हा.

दोनशे बारा.
मग एकशे चाळीस. सरांना वाटलं, माझं जाळं फाटकं असेल.
मग लग्न, सोनेगावातलं भाड्याचं घर, एक वर्ष कोरं.
मग एकतीस. रात्री वाळूचे ट्रक जायचे,
पातेल्याची खरड काढावी
तसा नदीचा तळ काढून.
मग दोन.
त्यानंतर नऊ हिवाळे शून्य.

शून्य लिहायला हात धजत नाही, हे कुणी शिकवत नाही.
दिसला नाही आणि नाही,
या दोहोंमध्ये किती फेऱ्या, किती रात्री, किती डिझेल,
याचं एक सूत्र आहे. मोरभवनला उतरून
धापा टाकत येणाऱ्या पोरापोरींना
मी ते तीस वर्षं शिकवलं,
फळ्यावर, न अडखळता.

बैठकीत विचारलं: आधी एकूण किती होते?
दुसऱ्या नद्यांत कुणी पाहिलंय?
कुणीच पाहिलं नव्हतं. चहा आला.
टिकलीच्या नावापुढं लिहिलं गेलं, माहिती अपुरी.
वाघाची बैठक शेजारच्या खोलीत होती.
तिथे समोसेही होते.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच वहीत नाही.
नव्वदच्या जानेवारीत, गारठ्यात,
बकारामच्या बायकोनं, फुलवंतानं,
टिकल्यांचं कालवण केलं होतं.
जवसाचं तेल, चिंचेचा कोळ, वर तिखटाचा तवंग.
मी ताटात पाहिलं आणि मोजू लागले.
"खा ना जी," ती म्हणाली, "थंडं होते."
चौदा होत्या. चौदाही खाल्ल्या,
काट्यांसकट, इतके मऊ काटे,
आणि नंतर बोटं चाखली.
वहीतल्या दोनशे बारांमध्ये
त्या चौदा धरल्यात की नाहीत,
मला आठवत नाही.

शिपाई दोनदा किल्ली मागून गेला.
नव्या विभागप्रमुखांना इथे प्रिंटर ठेवायचाय.

गेल्या हिवाळ्यात ही बरणी घेऊन गेले होते माथनीला.
बकाराम नाही आता. फुलवंता लेकीकडे असते.
तिनं बरणी उन्हात धरली, फिरवली,
पुन्हा फिरवली.
"ही टिकली नाही होय जी मॅडम.
टिकलीचं पोट पिवळं राहे,
हळदीवानी."

वह्या काढल्या सगळ्या. लांबी होती, वजन होतं,
पाण्याचं तापमान, खोली, प्रवाह, तारीख.
रंगाचा रकाना मी कधी आखलाच नव्हता.
रोज दिसत होता, म्हणून.

पेन्सिलीला टोक केलंय.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जागा आहे थोडी.
पोट पिवळं. सांगणारी: फुलवंता मारबते.
झाकण घट्ट लावलं.
बरणी कुठे न्यायची, अजून ठरलेलं नाही.